उकिरडा कुठं घालायचा

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडं हिरवं गवत बघायचं असेल तर चारीच्या, म्हणजे कालव्यातनं रानात पाणी आणणाऱ्या पाटाच्या, कडेला जावं लागतं. बाकी सगळं रान करपलेलं, बांधावरच्या बाभळी तेवढ्या तग धरून, आणि मधनंच चारीच्या दोन्ही अंगाला हातभर रुंदीची हिरवीगार पट्टी, जिथं पाणी जास्त झिरपतं तिथं तर पाणकणीस पण उगवलेलं. मेंढरू असो, शेरडू असो नाहीतर म्हैस, दावं सोडलं की जनावर सरळ तिकडं पळतं, त्याला कोण शिकवायला लागत नाही. आता त्याच पट्टीत जनावराच्या एका मोठ्या दुखण्याचं मूळ आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडंच बघतात. खाद्यात खोट आहे म्हणतील, हवा बदलली म्हणतील, नजर लागली म्हणतील, आणि यूट्यूब बघून आलेला एखादा असेल तर म्हणेल की हे गोगलगायीमुळं होतं, गोगलगायी मारा. हा शेवटचा सगळ्यात जवळ येतो पण माझ्या मते तो पण अर्ध्यावरच थांबतो.

मी सांगलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रक्त, लघवी, शौच, दिवसभर हेच. जनावरांशी माझा संबंध मामाच्या गावापुरता. मामाकडं मेंढरं, एक म्हैस आणि एक खिलार जोडी (जोडीचं आता काम काही नाही, पण खिलार दारात नसेल तर आटपाडीच्या माणसाला घर असल्यासारखं वाटत नाही). लहानपणी सुट्टीला जायचो तेव्हा तिथं पाणी म्हणजे टँकर. जनावरं कडब्यावर जगायची. पुढं टेंभूचं पाणी आलं. कऱ्हाडजवळ कृष्णेतनं उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत दुष्काळी तालुक्यांत आणायचं, अशी ती योजना, आणि ते पाणी काही आपोआप आलेलं नाही, नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना मामा भाकरी बांधून जायचा. त्यामुळं पाण्याला नावं ठेवलेली त्याला अजिबात चालत नाही, आणि मला पण ठेवायची नाहीत. पाण्यानं घर उभं राहिलं, डाळिंब आलं, मामेभाऊ शिकला.

पण पाण्याबरोबर आणखी पण काहीतरी आलं. पावसाळा संपत आला की मामाची मेंढरं वाळायला लागायची. खायची, पण अंगाला लागायचं नाही. पापणी उलटून बघितली तर आतनं पांढरीफटक, लोकर ओढली की हातात येणारी, आणि जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, सकाळी कमी, दिवसभर मान खाली घालून चरलं की संध्याकाळी जास्त. मेडिकलमधनं जंताची बाटली आणायची, सगळ्यांना पाजायची, थोडे दिवस बरं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एखादं तर धडधाकट मेंढरू सकाळी मेलेलंच सापडायचं.

ह्याचं निदान आधी खाटकानं केलं, डॉक्टरांचा नंबर नंतर आला. जत्रेसाठी कापलेल्या बकऱ्याचं काळीज त्यानं मला हाक मारून दाखवलं, लॅबमध्ये हाय नव्हं तू, हे बघ म्हणाला. वरनं खरबरीत, जागोजागी पांढुरके चट्टे. सुरी आडवी घातली तर आतल्या पित्ताच्या नळ्या जाड झालेल्या, आणि नळी दाबली तशी त्यातनं करड्या-तपकिरी रंगाची चपटी वस्तू घसरून बाहेर आली, बोटाच्या दोन पेरांएवढी. मग दुसरी. मग तिसरी. पहिलीची कड अजून हलत होती. "ही पानं," तो म्हणाला. "पाणी यायच्या आदी एखाद्यात निघायची, आता लई निघत्यात." काळीज त्यानं बाजूला टाकलं आणि पुढच्या कामाला लागला, कारण गिऱ्हाईक थांबलेलं होतं.

ते पान म्हणजे लिव्हर फ्लूक, काळजात म्हणजे यकृतात राहणारा चपटा कृमी, आपल्याकडं असतो तो फॅसिओला जायगँटिका, सात सेंटिमीटरपर्यंत पण वाढतो. आता मला राहवेना. मी मेंढरांच्या लेंड्या डब्यांत भरून सांगलीला आणल्या आणि ड्युटी संपल्यावर सरांना विचारून बघत बसले. इथं एक गंमत आहे. जंताची अंडी शोधायची सोपी पद्धत म्हणजे मिठाच्या दाट पाण्यात नमुना कालवायचा, अंडी तरंगून वर येतात, वरचा थेंब काचेवर घ्यायचा. फ्लूकचं अंडं जड, ते तसं वर येतच नाही, त्यामुळं नुसती ती तपासणी केली तर रिपोर्ट चक्क निल. त्याला उलटं करावं लागतं. लेंडी साध्या पाण्यात कुस्करायची, चहाच्या गाळणीतनं गाळायची, निवू द्यायची, वरचं पाणी ओतायचं, परत पाणी घालायचं, वरचं पाणी स्वच्छ दिसेस्तोवर हेच करत राहायचं, आणि तळाच्या गाळात मिथिलीन ब्लूचा थेंब सोडायचा. सगळा कचरा निळा होतो आणि त्यात अंडं तेवढं पिवळंधमक राहतं, पित्तानं रंगलेलं, एका टोकाला झाकण. माणसाच्या गोल जंताच्या अंड्याच्या जवळपास तिप्पट लांब. रोज ती बारकी अंडी शोधून डोळे फोडणाऱ्या बाईला हे म्हणजे मेजवानीच. काही नमुन्यांत तेवढीच मोठी पण बिनरंगाची अंडी पण होती, ती दुसऱ्या चपट्या कृमीची, जनावराच्या पोटात राहणाऱ्या, अँफिस्टोम म्हणतात त्याला. आणि सकाळी मेलेलं सापडायचं त्या मेंढराचा उलगडा पण इथंच होतो, कारण काळजात घुसून वाट काढणारे फ्लूक अजून कोवळे असतात, अंडी घालतच नसतात, तेव्हा लेंडीत काही सापडणारच नाही आणि जनावर मात्र आतल्या आत रक्त जाऊन मरतं.

आता हे अंडं जनावरातनं थेट दुसऱ्या जनावरात जात नाही, सगळी मेख इथंच आहे. शेण पाण्यात गेलं तर उबदार पाण्यात दोन-तीन आठवड्यांत अंडं फुटतं, आतनं केसाळ अंगाची एक बारीक अळी निघते, आणि तिला साधारण एका दिवसाच्या आत योग्य जातीची गोगलगाय सापडली पाहिजे. नाही सापडली तर खेळ खलास. सापडली तर ती कातडीतनं आत घुसते, रूप बदलते, आणि एकीच्या शेकडो होतात. दीड-दोन महिन्यांनी शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात, पोहत गवताच्या कांडीला चिकटतात, शेपूट टाकतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. ते गवत मेंढरानं खाल्लं की मग तीन-चार महिन्यांनी पित्ताच्या नळीत पान तयार. म्हणजे मे महिन्यात हिरव्या पट्टीत चरलेलं गणपतीच्या आसपास दिसतं. तोवर कोणाला आठवतंय काय खाल्लं होतं. ओलीत हे कवच महिनोन्महिने टिकतं, कडक उन्हात वाळलं की मरतं, म्हणून कडब्यावर जगणाऱ्या जनावराला हा त्रास फारसा नव्हता. दुष्काळानं आमची मेंढरं उपाशी मारली पण ह्या एका रोगापासून वाचवली, असं मामासमोर बोलले तर मामा उठून गेला.

गोगलगायी बघायला मी पोटचारीला गेले तेव्हा कालव्याच्या पाण्याचं आवर्तन संपलं होतं, ठिकठिकाणी डबकी उरली होती. दोन जाती सहज दिसतात. एक पातळ, मधाच्या रंगाच्या शंखाची, तोंड पसरट, ही लिम्निया, लिव्हर फ्लूकची हीच. दुसरी काळपट, चपटं वेटोळं, इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस असं भारदस्त नाव, हिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं त्यामुळं दुखावली तर लाल पाणी सोडते. आवर्तन गेलं, चारी वाळली, तरी ह्या चिखलात दडी मारून बसतात आणि पुढच्या पाण्याला पुन्हा हजर. नराची गरज पण पडत नाही, एकटी एक डबकं भरून टाकते.

मी हातात प्लॅस्टिकची पिशवी घालूनच त्या उचलल्या, का ते पुढं सांगते. काळ्या चपट्या काही निवडून एकेक काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात ठेवल्या आणि ग्लास उन्हात. बराच वेळ काही नाही. मामी दोनदा येऊन बघून गेली आणि काय येडं पोरगं अशा नजरेनं परत गेली. मग एका ग्लासात पाणी जरा धुरकट वाटायला लागलं, मागं पांढरा कागद धरला तर बारीक काळे ठिपके, झटके देत वर-खाली करणारे, उजेडाच्या बाजूला गर्दी करून. थोड्या वेळानं त्यातले काही काचेलाच चिकटले, आणि भिंगातनं बघता बघता एकाची शेपूट सुटली, ती एकटीच वळवळत तळाला गेली आणि वर काचेवर गोल ठिपका पक्का बसला. नखानं खरवडला तरी निघेना. ग्लासाच्या जागी गवताची कांडी असती तर? शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकलेल्या मैत्रिणीला व्हिडिओ पाठवला, ती म्हणाली हे अँफिस्टोम, पोटातले, लिव्हरवाले नव्हेत, आणि तो ग्लास परत चहाला वापरू नकोस. मामीनं तो उकळून घेतला आणि गोठ्यात ठेवला.

त्या गोगलगायीचं मात्र मला वाईट वाटलं. आत अळ्या वाढल्या की तिची स्वतःची अंडी घालायची ताकद जाते, खाते ती आणि वाढतात ह्या. म्हणजे रोगी ती पण आहेच, फक्त तिच्यासाठी औषधाची बाटली कोण आणत नाही.

पिशवीचं कारण असं, की ह्याच काळ्या गोगलगायीत रक्तात राहणारे कृमी पण वाढतात, शिस्टोसोमा. त्यांना गवत लागत नाही, पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतनंच घुसतात. एक जात बैलाच्या नाकातल्या शिरांत राहते, नाकात गाठी येतात, आणि बैल जागेपणी घोरतो, लांबनं ऐकू येईल असा. १९३३ मध्ये मद्रासकडं राव नावाच्या पशुवैद्यानं ह्या कृमीचं वर्णन केलं. म्हशीला सहसा काही होत नाही, पण ती नाकातनं अंडी पाण्यात सोडत राहते. ह्यातल्या काही अळ्या माणसाच्या पण कातडीत शिरतात, पुढं जाता येत नाही म्हणून तिथंच मरतात, आणि पायाला पुरळ उठून खाज सुटते. भातखाचरात, चारीत उभं राहून काम करणाऱ्या बायकांना ही खाज माहीत असते, खताची ॲलर्जी म्हणून मलम लावतात.

माणसाचा शिस्टोसोमा वेगळा, त्याला बिलहार्झिया म्हणतात, कारण थिओडोर बिलहार्झ नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८५१ मध्ये कैरोत एका प्रेतात तो किडा बघितला. इजिप्तचा हा रोग इतका जुना की १९१० मध्ये मार्क आर्मंड रफर नावाच्या डॉक्टरला तीन हजार वर्षांच्या ममींच्या मूत्रपिंडात ह्याची अंडी सापडली. आमच्या लॅबमध्ये नमुना दोन तास उशिरा आला तर आम्ही बोंबलतो. पण किडा पाण्यातनं माणसात येतो कसा हे बिलहार्झनंतर साठेक वर्षं कुणाला कळलं नव्हतं. १९१३ मध्ये जपानात मियाइरी आणि सुझुकी ह्यांनी तिथल्या जातीसाठी गोगलगाय शोधून काढली, १९१५ मध्ये रॉबर्ट लायपरनं इजिप्तमध्ये तेच दाखवलं.

त्यानंतर दोन देशांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या पुराच्या शेतीच्या जागी बारमाही कॅनॉल आले, रोग वाढला, आणि १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंत सरकारनं गावोगावी लोकांना टार्टार एमेटिक नावाच्या औषधाची इंजेक्शनं दिली. हेतू चांगलाच. पण सुया त्याच त्या वापरल्या आणि त्यातनं हेपॅटायटिस सी पसरला, इतका की पुढं जगात सगळ्यात जास्त प्रमाण असलेल्या देशांत इजिप्तचं नाव आलं. मी रोज एचसीव्हीच्या, म्हणजे ह्याच हेपॅटायटिस सीच्या, तपासणीच्या पट्ट्या वाचते, त्यामुळं हे वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं. जपाननं औषधं दिलीच, पण पाण्याच्या कडेवर जास्त जोर दिला, पाटांना काँक्रीट केलं, मैला थेट शेतात जायचा थांबवला, आणि १९९६ मध्ये यामानाशी भागानं रोग संपल्याचं जाहीर केलं. इतकी वर्षं लागली, पण संपला.

आणि उसाचं उदाहरण तर आपल्याला लागूच. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीच्या मुखाशी १९८६ मध्ये दियामा धरण झालं, समुद्राचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून. वर रिशार तोल नावाचं उसाचं, साखर कारखान्याचं गाव. खारेपणा गेला, पाणी संथ झालं, गोगलगायी माजल्या, आणि दोन-तीन वर्षांत गावात बिलहार्झियाची साथ. त्यात नदीतली मोठी कोळंबी, जी गोगलगायी खायची, तिला पिल्लं घालायला खाऱ्या पाण्याकडं जावं लागतं, तिची वाट धरणानं बंद. नंतर काही जणांनी पाणवठ्यांत कोळंबी परत सोडून बघितली, गोगलगायी कमी झाल्या आणि रोग पण.

आपल्याकडं बिलहार्झिया का नाही मग? अगदीच नाही असं नाही. सह्याद्री उतरलं की रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी नावाचं गाव आहे, तिथं १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा ह्या डॉक्टरांना लोकांच्या लघवीत ह्या कृमीची अंडी सापडली, आणि त्यांनी ओढ्यातल्या एका अगदी बारीक, वेटोळं नसलेल्या गोगलगायीवर बोट ठेवलं. पुढं तो रोग देशभर काही पसरला नाही. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. नारू, म्हणजे पायातनं बाहेर पडणारा लांब जंत, पण आपल्याकडं होताच की, तो गोगलगायीतनं येत नाही, पाण्यातल्या सायक्लॉप नावाच्या बारीक जिवामधनं येतो, पण तऱ्हा तीच. तो देशातनं संपल्याचं २००० साली जाहीर झालं, आणि संपला तो गोळीनं नव्हे, गोळी नव्हतीच त्याला. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरणं थांबलं, पाणी गाळून पिणं आलं, म्हणून संपला. माझ्या आजीच्या घोट्याला नारूचा व्रण होता.

मामाला हे सगळं सांगितल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "मोरचूद टाकू का चारीत?" तासगावकडं द्राक्षाला बोर्डोची फवारणी मारणारे सगळे पाहुणे, त्यात पडतं ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घरोघरी. मोरचुदानं गोगलगाय मरते हे खरंच आहे, पण मासे पण मरतात आणि मेंढराला तांब्याची विषबाधा लगेच होते, म्हणजे औषधानं वाचवायचं आणि पाण्यानं मारायचं. बदकं पाळायची का, हा मामेभावाचा प्रश्न. बदकं गोगलगायी खातात. इंडोनेशियात भातखाचरांत तर आणखी डोकं लावलंय, बदकाच्या पोटातला एक निरुपद्रवी फ्लूक त्याच गोगलगायीत घुसतो आणि त्याच्या अळ्या जनावराच्या फ्लूकच्या अळ्या खाऊन टाकतात. पण आमच्याकडं आवर्तन संपल्यावर बदकं काय धुळीत पोहणार?

औषधाचं पण एक सांगायला पाहिजे, मेडिकलवाला देईल ती जंताची बाटली फ्लूकवर चालेलच असं नाही. ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या फ्लूकवर चालतं, कोवळ्यांवर नाही. ट्रायक्लॅबेंडॅझॉल दोन्हींवर चालतं. डोस आणि वेळ डॉक्टरांनाच विचारायची, गणपतीत गळ्याखाली पिशवी लोंबल्यावर जागं होऊन उपयोग नाही.

पण ह्या सगळ्याच्या आधी मी चारीच्या कडेनं चालत गेले तेव्हा मला दिसलं ते हे, की मामाचा उकिरडा चारीला लागूनच आहे. गोठ्यापासून उतार तिकडंच, पहिल्या पावसाला सगळा काळा रस चारीत. नुसती गोगलगाय म्हणजे रिकामं भांडं, तिच्यात रोग आपण आणून ओततो, रोज, पाटी भरून. शेण चारीपासून लांब कुजलं तर खड्ड्याच्या उष्णतेनं अंडी मरतात आणि खत पण चांगलं होतं, हे मामाला माहीत होतं. मग उकिरडा तिथं का? मामा म्हणाला, "पहिल्यापासनं तिथंच हाय."

उत्तर मामीकडनं आलं. शेणाची पाटी रोज सकाळी ती वाहते, डोक्यावरनं, आणि चारीची कड सगळ्यात जवळ आणि उताराची. वरच्या बांधाला उकिरडा नेला तर रोज तेवढी चढण, गुडघे तिचे. आम्ही बाकीचे तिच्या देखत जपान आणि सेनेगलच्या गप्पा मारत होतो. ती म्हणाली, "एक ढकलगाडी आणा, मग चांद्यापर्यंत नेते तुमचं शेण." मामानं वर्षाच्या औषधाच्या बाटल्यांचा हिशेब काढला, मेलेली मेंढरं त्यात धरायची का नाही ह्यावर दोघांचं वाजलं, आणि दिवाळीनंतर गाडी आली. उकिरडा हलला. हिरवी पट्टी आता कापून उन्हात वाळवून घालतात, जनावर थेट सोडत नाहीत, निदान मी असते तेव्हा तरी.

तरी ते अर्धंच झालं, कारण पाणी आमच्या रानात येतं ते वरच्या शेजाऱ्याच्या गोठ्याला घासून, आणि त्याचा उकिरडा अजून चारीवरच आहे. त्याचं आणि मामाचं बांधावरनं बोलणं बंद. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामीनं त्याच्या बायकोकडं विषय काढला. ती म्हणाली गाडी केवढ्याला पडली?